पाळकसाहेब आले की वडील लपायचे

माझे वडील सोलापुरात गिरणीत मागावर होते आणि दर रविवारी चर्चमध्ये तबला वाजवायचे. एकोणीसशे सत्तर उलटल्यावरच्या एका नाताळात ते पिऊन आले आणि ऐन गाण्यात तबल्यासकट आडवे झाले. मी पुढच्याच सतरंजीवर बसले होते. मागं कुणीतरी हसलं.

दारू त्यांनी वर्षभरात सोडली. हातपाय थरथरायचे, आई रात्र रात्र उशाशी बसायची, पण सुटली. लाज मात्र सुटेना, चर्चची पायरी ते चढेनात. आमच्या चर्चचे धर्मगुरू म्हणजे पाळकसाहेब. त्यांच्या सायकलची घंटा वाजली की वडील मागच्या दारानं शेजारच्या तेलुगू विणकरांच्या अंगणात जायचे आणि रंगवून वाळत घातलेल्या सुताच्या लडींमागं उभे राहायचे. "गिरणीत पाळीला गेलेत," असं आई खाली मान घालून सांगायची. पाळकसाहेब प्रार्थना करून निघून जायचे, पण पुन्हा यायचे.

एकदा शेजारीणबाईंनाच राहवलं नाही. त्यांनी भिंतीवरून हाक दिली, "साहेब, हितं हाय की माणूस! आमच्या सुतामागं!"

आईनं कपाळावर हात मारला. पाळकसाहेब सरळ त्या अंगणात गेले आणि पालथ्या घमेल्यावर बसले. मी मागोमाग गेले. लाल लडींखाली वडिलांचे पाय दिसत होते.

"पहिला माणूससुद्धा असाच लपला होता," पाळकसाहेब म्हणाले. "फळ खाल्लं आणि झाडाआड गेला. तोवर देवाशी रोजचं बोलणं होतं, त्याला भीती कसली ती ठाऊक नव्हती."

लडींमागून आवाज आला, "मग देवानं तोंड फिरवलंच की. हाकलून दिलं बागेतनं."

"दिलं. पण त्याआधी रोजच्यासारखा आला, हाका मारत शोधलं. आणि उघडं नाही धाडलं, स्वतः कपडे करून अंगावर घातले. लपायला माणूस शिकला, बाबा. देव शोधायचं विसरला नाही."

मग लडी हलल्या. वडील बाहेर आले, अंगाला लाल रंग लागलेला, डोळे त्याहून लाल.

"लई उशीर झाला, साहेब."

"चहा टाका म्हणावं घरात," पाळकसाहेब म्हणाले.

त्या रविवारी वडील आईच्या बरोबरीनं चर्चमध्ये शिरले. प्रभुभोजनाच्या वेळी, भाकर आणि द्राक्षरस घ्यायला गुडघे टेकले तेव्हा त्यांच्या शेजारी येऊन टेकले ते चर्चचे एक म्हातारे पंच. त्या नाताळच्या दिवशी मागं हसले होते ते हेच, मला नंतर कळलं. त्यांनी वडिलांचा हात धरला आणि शेवटचं गाणं होईपर्यंत सोडला नाही. गाणं तर असं उसळलं की रस्त्यावरची माणसं दाराशी थांबून ऐकू लागली. एरवी चारचौघांत ओठसुद्धा न हलवणारी माझी आई सगळ्यांच्या वरच्या पट्टीत गात होती.

घरी आम्ही नव्या पेठेच्या बाजारातून आलो. वडील भर गर्दीत रस्त्याच्या मधोमध चालत होते, ओळखीचा दिसेल त्याला मोठ्यानं सलाम घालत. आई मागून म्हणत होती, "अहो, हळू की जरा!" त्यांना ऐकू येत नव्हतं.