हळूबाईंचा बोटभर

आमच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे हळूबाई म्हणतात. रक्ताची नळी यंत्रात फिरवून झाली, की वरचा पिवळा द्रव त्या इतक्या हलक्या हाताने ओढतात, की बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. शेवटचा बोटभर तर त्या सोडूनच देतात. त्याच्या खाली पांढऱ्या पेशींचा थर असतो. तो ढवळला, की त्या पेशींच्या डीएनएच्या गर्दीत कॅन्सरच्या गाठीतून रक्तात उतरलेला चिमूटभर डीएनए हरवतो.

काल त्यांच्या धाकट्या बहिणीचे यजमान तिच्या रक्ताची नळी घेऊन आले. ऑपरेशननंतर गाठ कुठे उरली आहे का, ते बघायचं होतं. पण नळी सकाळपासून त्यांच्या गाडीत तापत पडली होती. हळूबाईंनी ती सरळ टाकाऊ नमुन्यांच्या डब्यात टाकली.

"ताई, सख्ख्या बहिणीलाही नियम?" ते भडकलेच.

"अहो, पेशी फुटल्यात त्यातल्या. गाठ उरली असली, तरी यात दिसायची नाही. तिला इथे घेऊन या, रक्त मी काढते."

"रिपोर्टमध्ये काही दिसलं नसतं, तर तेवढाच तिला धीर आला असता."

"खोटा धीर द्यायला शेजारीपाजारी आहेत की," हळूबाई हातमोजे चढवत म्हणाल्या. "त्याला मी कशाला हवी?"