निळ्या ताडपत्रीखालचा बर्फ

माझं पोट थंडीवर चालतं. डेट्रॉइटजवळच्या एका कारखान्यात मी नव्या गाड्या उणे चाळीसपर्यंत गारठवतो आणि त्यांची दारं उघडतात का, ते बघतो. जाडजूड कोट घालून त्या बंद खोलीत अर्धा-अर्धा तास उभा असतो. आणि हाच मी, तिथून जवळच्याच नोव्हाय गावातल्या आमच्या घरी, साडेतीन वर्षांच्या माझ्या मुलाला, नकुलला, खिडकीच्या फटीतून वारा लागेल म्हणून मागे ओढायचो. माझी बायको आसावरी म्हणायची, "यार विनय, इतके लाड तर तू गाडीचेही करत नाहीस." तिचं बरोबर होतं, पण कबूल कोण करणार!

नीला काकूंशी माझं पहिलं वाजलं ते यावरूनच.

नीला देवतळे मूळच्या नागपूरच्या. सत्तावीस वर्षांपूर्वी एकनाथ काकांच्या नोकरीमागे इथे आल्या आणि मुलगा कॉलेजला गेल्यावर त्यांनी घरातच रीतसर परवाना काढून पाळणाघर सुरू केलं. सहा मुलं, सगळी पाचाच्या आतली. नकुल त्यातलाच एक. काकूंचं बोलणं रोखठोक, गुडघे दुखरे आणि साठवणीचा सोस जबरदस्त. उन्हाळ्यातला मका, ऑगस्टचे टोमॅटो, कुणीतरी भारतातून आणलेला कढीलिंब, सगळं दोन फ्रीझरमध्ये चिठ्ठ्या लावून ठेवलेलं. पाळणाघराचा नियम मात्र एकच. मुलं रोज बाहेर जाणार. वारा धरून पारा पंधरा फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे नऊ सेल्सिअसच्या, खाली गेला तर सुट्टी, नाहीतर नाही.

यंदाच्या जानेवारीत मी त्यांना रोज सकाळी मेसेज करायचो. नकुलला खोकला आहे, आज आत ठेवा. सलग अकरा दिवस केला. खोकला पहिल्या तीन दिवसांतच गेला होता. बाराव्या दिवशी काकूंचा फोन आला, "विनय, आज साडेदहाला येऊन जा. काही झालं नाही. फक्त ये."

मी धावत गेलो. काकू पाच मुलांना घेऊन अंगणात होत्या. एकनाथ काकांनी दार उघडलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बोट दाखवलं. नकुल स्टुलावर उभा होता. काचेवर नाक. श्वासाने काच धूसर झाली की बाहीने पुसायची आणि पुन्हा नाक लावायचं. मी आल्याचं त्याला कळलंच नाही. बाहेर काय चाललंय ते तो स्वतःशीच सांगत होता, "नाऊ वीर इज पुलिंग द स्लेड. नाऊ आर्य फेल डाऊन. नाऊ दे आर लाफिंग." आवाजात रडं नव्हतं. रडला असता तर बरं झालं असतं. बघत बसायची त्याला सवय झाली होती.

काकू आत आल्या तेव्हा मी रागावलेलोच होतो, कारण चूक आपली असली की मला हटकून राग येतो. म्हणालो, "तुम्हाला काय जातंय काकू, आजारी पडला तर रात्रभर आम्ही जागतो."

काकूंनी हातमोजे काढून हीटरवर ठेवले. "मलाही तेच वाटायचं," त्या म्हणाल्या. "माझा प्रसाद चार वर्षांचा होता आम्ही आलो तेव्हा. दुसऱ्या मजल्यावर राहायचो. नागपुरात थंडीत मी कधी दोन स्वेटर घातले नव्हते, आणि इथे हे असं! पोरगा जरा खोकला की मी दाराला कडी. चार हिवाळे तो खिडकीशी उभा होता. खाली सगळ्या बिल्डिंगची पोरं खेळायची. पाचव्या हिवाळ्यात मी म्हटलं, जा बाप्पा आता खाली. तर म्हणाला, नको आई, मला इथूनच आवडतं."

प्रसाद आता चँडलरला, ॲरिझोनात, चिप बनवणाऱ्या कंपनीत आहे. तिथे थंडी नसते म्हणून नोकरी घेतली, असं तो हसत सांगायचा. काकू ते सांगताना हसल्या नाहीत. लग्नानंतर तो हिवाळ्यात एकदाही नोव्हायला आला नव्हता. "माझ्यामुळे," काकू म्हणाल्या. "दुसरं कुणी नाही त्याला कारण."

दुसऱ्या दिवसापासून मी मेसेज बंद केला.

त्यानंतर सुट्टी काढून मी दोन-तीनदा त्यांच्या अंगणात गेलो, तेव्हा कळलं की बाहेर जायला पंचवीस मिनिटं लागतात आणि हा खेळाचाच भाग आहे. आधी सगळ्यांनी शू करून यायचं. मग बर्फाची पँट, मग बूट, मग जाकीट, मग टोपी, शेवटी हातमोजे. क्रम चुकला की सगळं काढून पुन्हा. मुलं ओरडून म्हणायची, "पँट, बूट, जाकीट, टोपी, हात!" स्वानंदी, दीड वर्षाची, फक्त "हात!" तेवढं म्हणायची. मी नकुलला घरून तीन स्वेटर घालून पाठवायचो, तर काकूंनी त्यातले दोन उतरवून माझ्या हातात दिले. "घाम आला की गारठतं पोरगं. तुझ्या कारखान्यात हे शिकवलं नाही?"

अंगणात विकतचं खेळणं जवळजवळ नव्हतं. जुनी भातुकली होती, स्टीलची, बारकी पातेली आणि पळ्या. मुलं बर्फाचा भात शिजवायची, पानं तोडून फोडणी द्यायची आणि काकूंना वाढायची. काकू वाटी तोंडाजवळ नेऊन मिटक्या मारत खाल्ल्यासारखं करायच्या, पण बर्फ ओठाला लावू द्यायच्या नाहीत. तो नियम कडक. "बर्फ खायचा नाही!" हे नकुल झोपेतही बरळायचा. कधी बिटाचं पाणी पिचकारीच्या बाटलीत भरून बर्फावर चित्रं काढायची. कधी सशाची पावलं शोधत कुंपणापर्यंत जायचं, आणि ससा का वळला असेल यावर बराच वेळ चर्चा. आदल्या दिवशी वाटीत पाणी आणि पाकळ्या घालून बाहेर ठेवायच्या, सकाळी त्या काचेसारख्या चकत्या झाडाला टांगायच्या. पळायचं, पडायचं, उठायचं. काकू पडलेल्याला उचलायच्या नाहीत. शेजारी उभ्या राहायच्या.

यंदा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दणकून बर्फ पडला, आणि त्याच आठवड्यात प्रसादचा फोन आला. तो, बायको चैत्राली आणि तीन वर्षांची आन्या तेवीस तारखेला येत होते. तिकिटं काढली होती. काकूंनी ही बातमी मला तीनदा सांगितली, प्रत्येक वेळी नव्याने.

मग हवा बदलली. बारा तारखेला पन्नास फॅरनहाइट, म्हणजे दहा सेल्सिअस, पुढे तीन दिवस पाऊस. अंगण तपकिरी झालं. ज्या हिवाळ्याची काकूंनी इतकी वर्षं वाट पाहिली, तो आठवड्यात वाहून चालला होता. गॅरेजच्या मागे, उत्तरेच्या सावलीत, काकांनी फावड्याने ओढलेला एक ढीग तेवढा उरला होता, छातीएवढा.

सोळाला काकूंचा मला फोन. "तू थंडीचा इंजिनिअर ना? मला हा बर्फ तेवीसपर्यंत टिकवून दे."

"काकू, पुन्हा पडेल की."

"अंदाज बघितलाय मी. सव्वीसपर्यंत नाही. ते पंचवीसला परत जाणार."

मला हसू आलं होतं, ते मी गिळलं. हवा जितका बर्फ वितळवते त्याहून जास्त पाऊस आणि वारा वितळवतात, एवढं मला माहीत होतं. संध्याकाळी मी पेंढ्याचे चार भारे घेऊन गेलो. सगळ्या मुलांनी मिळून ढीग थोपटून घट्ट केला, वर हातभर पेंढा पसरला, त्यावर निळी ताडपत्री, कडांना विटा. खालून पाणी निघून जावं म्हणून काकांनी चर खणला. रोज सकाळी मुलं रांगेने जाऊन ताडपत्रीवर थाप मारायची आणि विचारायची, "आहेस का?" त्यांच्यासाठी हाच त्या आठवड्याचा खेळ झाला. काकूंसाठी नव्हता. एकवीसला वाऱ्यासकट पाऊस आला तेव्हा त्या छत्री घेऊन ताडपत्रीची कड धरून उभ्या होत्या, असं काकांनी मला हळूच सांगितलं.

तेवीसला दुपारी काकूंनी आम्हाला आणि वीरच्या घरच्यांनाही बोलावलं. प्रसाद उंच, शांत, बोलताना आईकडे कमी आणि जमिनीकडे जास्त बघणारा. आन्याने दारातूनच विचारलं, "आजी, व्हेअर इज द स्नो?"

"आहे. तुझ्यासाठी ठेवलाय." मग काकू थांबल्या. "तुझ्या बाबासाठी ठेवलाय."

नकुल आणि वीरने आन्याला क्रमाने कपडे चढवले, ओरडून ओरडून. बाहेर मी ताडपत्री ओढली. ढीग माझ्या मांडीएवढा उरला होता, कडक, वर पेंढ्याच्या काड्या चिकटलेल्या, पार कळकट. आन्याने त्यावर बूट ठेवला आणि किंचाळली. आनंदाने. पोरं तुटून पडली.

मी मागे वळून पाहिलं. प्रसाद स्वयंपाकघरातच होता, खिडकीशी. हातात फोन, व्हिडिओ घेत असावा. नाक काचेपासून वीतभर अंतरावर.

काकूंनीही पाहिलं. त्या आत गेल्या. मी हातमोजे आणायच्या निमित्ताने मागोमाग गेलो, आणि खोटं कशाला सांगू, ऐकायलाच गेलो.

"प्रसाद, माझं चुकलं रे," काकू म्हणत होत्या. "चार हिवाळे तुला इथे उभं केलं. भीती माझी होती, आणि शिक्षा तुला झाली."

"आई, इट्स ओके. इट वॉज अ लाँग टाइम अगो."

"ओके नाही. तू मला तेव्हा सांगितलंस, इथूनच आवडतं. मी खरं मानलं. सोयीचं होतं ना."

त्याने व्हिडिओ बंद केला. मग म्हणाला, "मला त्या सगळ्या मुलांची नावं पाठ होती. त्यांना माझं नाव माहीत नव्हतं." आणि फोन ओट्यावर ठेवला. "काय घालायचं असतं आधी?"

"पँट," काकूंच्या तोंडून निघालं. काकांची बर्फाची पँट त्याला आखूड झाली, बूट घट्ट झाले. काकू खाली बसल्या. त्यांचे गुडघे वाजलेले मला दारापर्यंत ऐकू आले. बुटांच्या नाड्या त्यांनीच बांधल्या, जाकिटाची चेन हनुवटीपर्यंत ओढली, टोपी कानांवर खेचली. एकतीस वर्षांचा माणूस हात पुढे करून उभा राहिला, आणि त्यांनी एकेक बोट मोज्यात घातलं.

बाहेर प्रसाद आधी नुसता उभा राहिला. मग आन्याने त्याच्या हातात पातेलं दिलं. तो ढिगाशी बसला, पळीने बर्फ खरवडून वाटीत काढला, वर वाळलेलं पान चुरून टाकलं. खूप मन लावून केलं त्याने. मग वाटी घेऊन आईकडे आला.

"आई, गरम आहे. फुंकून खा."

काकूंनी वाटी घेतली. फुंकर मारली. आणि पेंढा चिकटलेला, आठवडाभर ताडपत्रीखाली राहिलेला तो बर्फ पळीभर तोंडात घातला.

"काकू!" नकुल जिवाच्या आकांताने ओरडला. "बर्फ खायचा नाही!"

काकूंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या सावकाश चावत होत्या. वाटी रिकामी केली आणि प्रसादपुढे धरली.

"अजून वाढ," त्या म्हणाल्या.