न काढलेला केर

तो केर मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. सोलापुरातल्या एका गिरणीच्या चाळीत, एका खोलीच्या जमिनीवर तो पसरला होता आणि त्याच्यावरून एका बाईवर नवऱ्याच्या खुनाचा संशय घेतला गेला होता.

आधी माझं सांगते. मी फौजदार नव्हते. माझा नवरा पोलिसात शिपाई होता. तो गेल्यावर मला ठाण्यात ठेवून घेतलं, ते बायकांची झडती घ्यायला आणि बाई अटकेत असली की तिच्याजवळ राहायला. एकोणीसशे तीसच्या पुढची ती वर्षं. ठाण्यात बाई म्हणून मी एकटीच, त्यामुळे सगळे मला नुसतं ‘बाई’ म्हणत. पंचनामा लिहिण्याचा अधिकार मला नव्हता. बघायला मात्र कुणी मनाई केली नव्हती.

दिवाळी होऊन गेली होती. मोहोळकडचा एक धनगर ठाण्यात आला. त्याचा धाकटा भाऊ गिरणीत सूतखात्यात कामाला होता.

“माजा भाऊ दिवाळीपासनं दिसंना,” तो म्हणाला. “त्याच्या बायकूला इचारलं तर तोंड उघडंना. शेजारी म्हंत्यात, आदल्या दिशी दोघांचं लई भांडान झालं हुतं.”

“मग तुझं म्हणणं काय?” फौजदारसाहेबांनी विचारलं.

“म्या काय म्हनू साहेब? तिनंच काय तरी केलंय की.”

हवालदार पंच घेऊन खोलीवर गेला आणि त्या भावाच्या बायकोला घेऊन आला. पंचनाम्यात त्यानं लिहिलं, ‘जमिनीवर केरकचरा अस्ताव्यस्त, झटापटीच्या खुणा.’ झालं. चाळीच्या विहिरीत गळ टाकून पाहिले, काही निघालं नाही. तरी ती कोठडीत बसली.

तिची झडती मी घेतली. तिशीच्या आतबाहेरची, हाडानं मजबूत. कनवटीला तंबाखूची चंची, दुसरं काही नाही. नखं स्वच्छ, केस चापून बांधलेले, लुगडं जुनं पण धुतलेलं. फौजदारसाहेबांनी तिला समोर उभं करून पुष्कळ विचारलं. दरडावलं, समजावलं, थोरल्या दिराची तक्रार वाचून दाखवली. ती भिंतीकडे बघत राहिली. गुन्हेगार गप्प बसतो तेव्हा त्याचे हातपाय गप्प नसतात, हे मी पाहत आले होते. हिचे हात मांडीवर शांत होते. कुणाची तरी वाट बघत बसावं तशी ती बसली होती.

तिला बदलायला लुगडं हवं म्हणून मी खोलीवर गेले. दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबले. भांडी घासून चकचकीत. घागरीवर झाकण. वाकळ घडी करून ठेवलेली. आणि जमिनीवर केर. त्यावर धुळीचा थर बसलेला, विड्यांची थोटकं, वाळलेले भाकरीचे तुकडे, लोकरीची गुंतवळ. झटापट झाली असती तर घागर अशी जागेवर राहिली नसती. आणि घरात माणूस मारणारी बाई पहिलं काम करते ते जमीन सारवण्याचं. हिनं तर केरसुणीला हातच लावला नव्हता. जी बाई पितळेवर डाग ठेवत नाही, ती केर का ठेवते?

मी परत येऊन तेवढंच विचारलं. फौजदारसाहेब शेजारी होते.

“काय गं, घरातला केर का काढला नाहीस?”

ती पहिल्यांदा माझ्याकडं वळली. प्रश्न ऐकून तिला नवल वाटलेलं दिसलं.

“निरोप आल्याबिगर कसा काढायचा, बाई?”

तिच्या माहेरी, सासरी रीत होती. माणसं मेंढरं घेऊन लांब निघाली, की पोचल्याचा निरोप येईपर्यंत घर झाडायचं नाही. वाटेतल्या माणसाची पावलं पुसायची नाहीत.

“म्हणजे तो जिवंत आहे,” साहेब म्हणाले. “मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

“धनी न सांगता गेलं म्हटलं की गिरनी नाव काढती. नाव गेलं की खोली गेली. मंग ते परत येनार कुटं?”

“फासावर गेली असतीस की.”

“तवर आलं असतं,” ती म्हणाली.

मग सगळं निघालं. नवरा लहान असताना त्याचा बाप दरवर्षी मेंढरं घेऊन घाट उतरून पार मुंबईजवळच्या ठाणे गावच्या डोंगरापर्यंत जायचा. तिथं एका झऱ्याजवळ उंबराखाली त्यांचा तळ पडायचा. एका साली बाप तिथंच गेला. तिथंच माती दिली, डोक्याशी दगड उभा केला. पुढे दुष्काळात मेंढरं संपली आणि पोरगा गिरणीत लागला. पण यंत्रांच्या घरघरीतून घरी आला की तो त्या डोंगराचंच बोलायचा. त्या दिवशी भांडण झालं ते त्यावरूनच. तीच म्हणाली होती, “रोज रोज काय सांगताय? जावा, एकदाचं बगून या.”

वरून परवानगी आली आणि आम्ही आगगाडीनं ठाण्याला गेलो. फौजदारसाहेब, ती आणि तिच्यासोबत मी. जंगलखात्याचा एक गार्ड वाट दाखवायला मिळाला, कारण ते सरकारी राखीव रान होतं.

आम्ही सोलापूरची माणसं. चारी बाजूंना आभाळ जमिनीला टेकलेलं बघायची सवय. इथं आभाळच दिसेना. साग, बांबू, वेली, पायाखाली ओली पानं. एका ओहोळाच्या काठी गार्डानं वाघाचं पाऊल उमटलेलं दाखवलं, तेव्हा साहेबांनी पिस्तुलाच्या पाकिटाचं बटण उघडून ठेवलं. वर चढल्यावर खाली तलाव दिसला, आणि त्याच्या पलीकडे धुरात बुडालेली मुंबई. इतक्या मोठ्या शहराच्या उशाशी एवढं रान असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. ती मात्र पुढे चालली होती. या डोंगरावर तिनं कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

“हितं दोन दगड जोडीनं असत्याल,” ती म्हणाली. होते.

“आता उजव्या अंगाला पानी.” पाणी होतं. रोज रात्री ऐकून तिला ती वाट पाठ झाली होती. पुढे मात्र खुणा जुळेनात.

जुन्या कोरीव लेण्यांपाशी गवत कापणाऱ्यांची चूल होती. तिथं तो बसला होता. दाढी वाढलेली, अंगावर काटेरी ओरखडे.

“तुझ्या खुनासाठी ही आत बसलीय,” साहेब ओरडले, “आणि तू इथं डोंगर हिंडतोस?”

तो बायकोकडं वळला. “तू कशी आलीस?”

“पोलिसांच्या खर्चानं,” ती म्हणाली. “निरोप का न्हाय धाडला?”

“पोचलोच न्हाय की. काय सांगून धाडू?”

झरा आटला होता की वाट बदलली होती, की झाडं तोडली गेली होती, त्याला समजत नव्हतं. रोज सकाळी निघायचा, रोज वेगळ्या उंबराखाली जाऊन बसायचा. दगड कुठंच नव्हता.

साहेबांनी टोपी काढून घाम पुसला. “उन्हं कलेपर्यंत शोधू,” ते म्हणाले. मग आम्ही सगळे शोधत हिंडलो. गार्ड काठीनं पानं बाजूला करी, साहेब वाकून बघत, मी लुगडं खोचून ओढ्यात उतरले. दगड पुष्कळ होते. प्रत्येकापाशी तो थांबायचा आणि मान हलवायचा. उन्हं कलली आणि आम्ही उतरलो. उतरताना त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. ती मात्र वळून वळून बघत होती.

सोलापुरात त्याचा जबाब झाला, तिला सोडलं. साहेबांनी गिरणीत माणसं लावणाऱ्या जॉबरला गाठून त्याला बदली कामगार म्हणून पुन्हा लावला, त्यामुळे खोली राहिली. मी त्यांना पोचवायला गेले. तो भिंतीला टेकून बसला. माझ्या हाताला स्वस्थता नाही. मी कोपऱ्यातली केरसुणी उचलली.

तिनं ती हळूच काढून घेतली.

“ऱ्हाऊ द्या, बाई. अजून पोचलं न्हाईत.”

मी त्याच्याकडं पाहिलं. तो समोरच्या भिंतीकडं बघत होता. तिथं भिंत होती हे त्याला ठाऊक नव्हतं.

या तपासानं मला दोन गोष्टी शिकवल्या. पंचनाम्यात केर असेल तर केर लिहावा, झटापट लिहू नये. आणि माणूस हजर आहे एवढ्यावरून तो आला असं धरू नये. पुढे जबाब घेताना समोरच्याला थोडा वेळ नुसतं बसू द्यावं, असं मी साहेबांना सांगत असे. ते ऐकतही.

पुढच्या दिवाळीनंतर त्या खोलीला कुलूप होतं. रजा काढून दोघं त्या डोंगराकडं गेल्याचं शेजारणीनं सांगितलं. त्या डोंगराचं आता राष्ट्रीय उद्यान झालं आहे, शाळांच्या सहली जातात म्हणे. तेव्हा कुलपापाशी मी जराशी थांबले आणि दाराच्या फटीतून आत पाहिलं.

जमिनीवर केर होता. दोघांच्या पावलांसकट.