हात मागे बांधून बसणारे सर

कांबळे सर गेल्याचा फोन भोरहून आला, तेव्हा मी गुंजवणे गावच्या एका आजींचा अर्ज टाइप करत होते. फोन सरांच्या मुलीचा, माझ्या मैत्रिणीचा. ठेवल्यावर पुढची ओळ काही केल्या सुचेना. आजींनी विचारलं, "जवळचं मानूस व्हतं का गं?" मी म्हटलं, "व्हय आजी. त्यांच्यामुळंच हितं बसलेय मी..." त्याला आता महिना होऊन गेला.

वेल्ह्यात कचेरीजवळ माझं अर्ज टाइप करून द्यायचं दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी व्हायरसनं कॉम्प्युटर बसला, तो बसलाच. चोरीचं सॉफ्टवेअर वापरायची हौस अंगाशी आली होती. लोकांचे फॉर्म गेले, गिऱ्हाइकं तुटायला लागली. दुकान बंद करायचं मी जवळजवळ ठरवलंच होतं. मुलीकडून कळल्यावर सर एसटीनं आले. पिशवीत जेवणाचा डबा आणि पेनड्राइव्ह. जुन्याच मशीनवर त्यांनी विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं. ते कुणालाही वापरायला, उघडून बघायला मोकळं असतं म्हणे. आता सर त्यात प्रोग्रामांची खोगीरभरती करणार असं मला वाटलं. कसलं काय! एकेक प्रोग्राम टाकायचे, मला खुर्चीत बसवायचे आणि आपण मागं स्टुलावर हात मागे बांधून बसायचे. "तुमी रोजचं काम करा, ताई. मला तोंड उघडावं लागलं तर प्रोग्राम नापास." आयुष्यभर शाळेत पोरांना नापास केलेला माणूस, आता प्रोग्रामांच्या मागं लागला होता.

अर्ज लिहायचा प्रोग्राम पहिल्या फटक्यात पास झाला. स्कॅनिंगचे दोन गळाले, तिसरा टिकला. घोडं अडलं ते फोटोंपाशी. सरांनी त्यांचा लाडका प्रोग्राम टाकला होता, त्यात म्हणे काय वाटेल ते करता येई. मला फक्त फॉर्मसाठी फोटो कापून लहान करायचा होता. अर्धा तास झटले. मागं सर खाकरत होते, चुळबुळत होते, पण बोलले नाहीत. शेवटी माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "सर, माझंच डोकं चालत न्हाई."

सर उठून पुढं आले. "ताई, चूक माझी. मी माझ्या आवडीचा निवडला, तुमच्या कामाचा नाही." आणि तो लाडका प्रोग्राम त्यांनी स्वतःच्या हातानं काढून टाकला. त्या जागी टाकलेल्या साध्याशा प्रोग्रामात फोटो दोन मिनिटांत झाला. दहावीनंतर घरी बसलेली मी, उठता बसता 'तुला काय कळतंय' ऐकत आले. त्या दिवशी पहिल्यांदा मी सोडून दुसरं कुणीतरी नापास झालं होतं. सर, हे उपकार मी कसे फेडणार होते...

परवा एका फॉर्मला सगळे कागद एकाच फाइलमध्ये जोडून हवे होते. तीन प्रोग्राम सापडले. कुठला घ्यावा हे विचारायला हात मोबाईलकडे गेला आणि तसाच राहिला. मग शेजारच्या झेरॉक्सवाल्या मंगलला बोलावलं; मी नसले की दुकान तीच बघते. तिला खुर्चीत बसवलं, मी स्टुलावर. दोन नापास झाले. तिसऱ्यात ती अडखळली आणि माझ्या अगदी ओठांवर आलं, 'अगं, ते वरचं बटण...' तेवढ्यात जाणवलं, माझे हात कधीचेच मागे बांधलेले आहेत. मी गप्प बसले. मंगल जरा शोधत राहिली, मग मान वळवून हसली. "झालं की!"

पास झाला, सर.