पुठ्ठ्यामागचे चौकोन

रोज सकाळी पंखा लावायच्या आधी इंदुताई अगरबत्तीच्या पुड्याचा एक तुकडा मॉनिटरच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर चिकटपट्टीनं लावत. त्या पुठ्ठ्यामागे दिवसभर चौकोन उगवत. व्हायरसपासूनचं संरक्षण संपलं आहे. नवं काही उतरवून घ्या. पडद्यावरची काही चिन्हं तुम्ही वापरत नाही. सगळं इंग्रजीत, आणि सगळं तातडीचं.

पोंभुर्ण्याच्या बसस्टँडसमोरचं ते टायपिंग सेंटर. इंदुताई टाइपरायटरवर शिकलेल्या. नजर शेजारच्या कागदावर, बोटं आपली चालत. एखादा चौकोन पडद्याच्या मधोमध आला की अक्षरं गडप होत आणि ते त्यांना दोन ओळींनंतर कळे. हे बंद करायची सोय मशीनमध्येच होती, पण तिला पासवर्ड लागे. तो मालक सुरेंद्रभाऊंनी चंद्रपूरला स्वतःपाशी ठेवलेला. इंदुताईंनी दोनदा मागितला.

"तुमाले काऊन पाहिजे? मशीन बिघडवान," ते म्हणाले.

दोन हजार सातच्या एप्रिलात, एका शुक्रवारी, ढिवरांच्या मच्छीमार संस्थेचे सचिव इस्तारी सायकलवर रजिस्टर बांधून आले. एकशे ऐंशी सभासदांची टाइप केलेली यादी पाचच्या आत कचेरीत द्यायची होती. हातानं लिहिलेली चालणार नव्हती. यादीत ज्याचं नाव नाही, त्याला वर्षभर गावच्या तळ्यात जाळं टाकता येणार नव्हतं.

इंदुताई टाइप करू लागल्या. इस्तारी पुठ्ठ्याकडे पाहत बसले.

"हे काऊन झाकलं बाई?"

"माह्या सासूवाणी हाय ते. बोलल्याबिगर राहत नाई."

"सासूच्या तोंडाले पुठ्ठा लावता येते?"

"तुमी बायकोले इचारा, इस्तारीभाऊ."

पावणेचारला एकशे एक्कावन्नावं नाव झालं आणि पडदा काळा पडला. वीज होती, पंखा फिरत होता. मशीन स्वतःच बंद होऊन स्वतःच सुरू होत होतं.

त्याआधी पाच मिनिटं पुठ्ठ्यामागे एक चौकोन आकडे उलटे मोजत होता. त्यात 'नंतर' असं बटण होतं, पण राखाडी, मेलेलं. ते मालकाच्या पासवर्डनंच जिवंत झालं असतं. मात्र चौकोन दिसला असता, तर केलेलं काम जतन करायला पाच मिनिटं पुरली असती. इंदुताई यादी पूर्ण झाल्यावरच जतन करत. टाइपरायटरवर वीस वर्षं काढलेल्या बाईला एकदा उमटलेलं अक्षर नाहीसं होऊ शकतं, हे हातांना शिकवणं जमलं नव्हतं.

त्यांनी पुन्हा पहिल्या नावापासून सुरुवात केली. या वेळी इस्तारी मोठ्यानं वाचत होते आणि मधूनच त्यांचा आवाज बसत होता. पावणेपाचला त्र्याहत्तर नावं छापून निघाली. तेवढीच घेऊन ते सायकलवर गेले. कचेरीनं तेवढीच घेतली. पुरवणी यादीची पद्धत नाही म्हणाले.

रजिस्टरात नावं सभासद झाल्याच्या क्रमानं होती. नवऱ्याच्या जागी गेल्याच वर्षी नोंदवलेल्या विधवा सगळ्या शेवटच्या पानांवर.

सोमवारी सुरेंद्रभाऊ आले. त्यांनी पुठ्ठा ओढून काढला.

"मशीन सांगून राह्यलं होतं ना? तुमी त्याचं तोंडच बंद करता."

"दिवसातून चाळीसदा सांगते ते. खरं कोणतं, मले कसं समजन? पासवर्ड मांगला तं देल्ला नाई तुमी."

"पासवर्ड मांगाचं तुमचं काम नाई. टाइप कराचं काम होतं."

शनिवारपासून येऊ नका, असं त्यांनी सांगितलं. पुढचे चार दिवस इंदुताई पुठ्ठ्याशिवाय बसल्या. चौकोन येत होते, त्या एकेक वाचत होत्या आणि कामाचा वेग निम्म्यावर आला होता.

शुक्रवारी दुपारी बुधरी आली. रजिस्टरातला तिचा क्रमांक एकशे चौसष्ट. चालत आली होती, दारातच उभी राहिली.

"माह्यं नाव मशीननं खाल्लं म्हणते इस्तारीभाऊ."

इंदुताईंनी कीबोर्डवरचे हात काढले.

"मशीननं नाई. म्या."

बुधरीनं त्यांना धीर दिला नाही, रागही केला नाही. अर्ज कराचा हाय, म्हणाली. तो पुढच्या वर्षीच उघडला जाणार, हे दोघींना ठाऊक होतं. इंदुताईंनी तो टाइप केला, छापला, आणि शाईची डबी तिच्यासमोर सरकवली.

"अंगठा नावाच्या खाली दे, बाई," त्या म्हणाल्या. "नावावर नोको."