डाव्या कोपऱ्यातला तंबोरा

नाताळच्या सुट्टीत माझी लेक टीव्हीवर दिसणार होती. म्हणजे गाणार होत्या तिच्या गुरू, ज्यांना सगळे नुसतं बाई म्हणतात, आणि माझी लेक त्यांच्या मागे तंबोरा घेऊन बसणार होती. पण मला विचाराल तर त्या मैफलीत तिच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतंच. पुण्याहून थेट प्रक्षेपण! नागपुरात नंदनवनातल्या आमच्या गल्लीत मी घरोघर सांगून ठेवलं, किराणावाल्यालाही सांगितलं, आणि नवऱ्याला बर्डीच्या बाजारात पिटाळून टीव्हीला जोडायला चांगला स्पीकर आणवला. "तंबोराच तं हाय ना," असं तो एकदा म्हणाला. पुन्हा म्हणाला नाही.

धाकधूक होती ती माझ्या बाबांची. बी.एस्सी. झाल्यावर लेक बी.एड. सोडून गाणं शिकायला पुण्याला गेली आणि तिकडे गावी, कुहीला, बाबांचं डोकं फिरलं. "कोनाच्या मागं बसून चार तारा छेडाले शिकवली का पोरगी?" एवढं म्हणून त्यांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. तिचा फोन आला की ते गोठ्याकडे चालू लागायचे. लहानपणी सायकलच्या दांड्यावर बसवून जिला गावभर मिरवलं, तिच्याशी हे असं! म्हणून त्या आठवड्यात लेक मला कार्यक्रमाचं काही सांगतच नव्हती, आजोबांबद्दल एकच विचारत होती, "आबा पाहतील का वं?" मी छातीठोकपणे हो म्हणून मोकळी झाले. मग बाबांना फोन करून म्हटलं, नवा तांदूळ घेऊन या. धान चुरून झालं होतं, मळणीचं काम संपलं होतं, त्यांनाही नागपूरला यायचंच होतं. गाण्याचा मी विषयच काढला नाही.

दुपारीच आले. ऐनवेळी चॅनल सापडलं नाही तर, या भीतीने मी टीव्ही कधीचा लावून ठेवला होता. सुट्ट्यांचा खास कार्यक्रम म्हणून तिथे परदेशातला ऑपेरा चालला होता. पांढऱ्या झग्यातली नायिका पलंगावर पडून गात होती.

"काहून बोंबलून राहिली वं हे?" बाबा म्हणाले.

"जीव जाऊन राहिला तिचा, बाबा. गाऊन सांगून राहिली."

"मरून राहिली अन् एवढा दम?"

म्हणाले खरे, पण खुर्ची पुढे ओढली. बाबा म्हणजे नाटकाचे वेडे. धानाच्या मुलखात हिवाळाभर झाडीपट्टीची नाटकं होतात, रात्र रात्र चालतात, आणि बाबांनी त्यातलं जवळपासचं एकही कधी सोडलेलं नाही. तिथेही मरणारा माणूस अख्खं गाणं म्हणून मरतो, आणि लोकांनी आग्रह केला तर उठून पुन्हा म्हणतो. त्यामुळे भाषेचा एक शब्द न कळता बाबांना सगळं कळत होतं. शेवटी ती बाई एकदाची गेली, तिकडचे लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, आणि इकडे खुर्चीतून बाबा गरजले, "वन्स मोअर!" मला इतका आनंद झाला की मी त्यांच्यापुढे चिवड्याची दुसरी बशी ठेवली.

आणि तेवढ्यात निवेदिकेने बाईंचं नाव घेतलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "हे तिचं हाय का?"

"हो."

त्यांनी उठण्यासाठी खुर्चीच्या हातांवर जोर दिला. पण नेमक्या शेजारच्या काकू आत आल्या. "तुमच्या नातीचं ना जी गाणं?" चारचौघांत उठून जाणं त्यांच्या स्वभावात नाही. बसले.

आधी तंबोरे जुळवणं सुरू झालं आणि ते संपेचना. "घरून जुळवून आनाले काय झालं होतं?" बाबा पुटपुटले. "ट्रॅक्टर वावरात नेऊन मंग दुरुस्त करतेत का?"

मग गाणं लागलं आणि माझा जीव टांगणीला लागला. कॅमेरा बाईंवर, कॅमेरा तबल्यावर, तबलजीच्या अंगठ्यांवर, पहिल्या रांगेतल्या शालींवर. माझी लेक पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, म्हणजे तंबोऱ्याचा दांडा, त्याच्या खुंट्या आणि अर्धी निळी बाही. "ते पाहा!" मी ओरडले.

"कुठी? तो तं दांडा हाय."

त्यांनी चष्मा लावेपर्यंत कॅमेरा फुलांच्या सजावटीवर गेला. मी त्या कॅमेरावाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. एकदा वेणी दिसली, एकदा तारेवरचं बोट दिसलं. काकू बिचाऱ्या मला म्हणाल्या, "बोट अगदी तुमच्यावानी हाय." बाबा माझ्याकडे न बघता हळूच बोलले, "मी हेच म्हनत होतो. मागं बसलेलं कोनाले दिसते?" मला इतका राग आला की मी त्यांच्यापुढची चिवड्याची बशी उचलली.

बाई आता वरच्या सुरांकडे चढत होत्या. त्यांचा चेहरा पडदाभर, डोळे मिटलेले. वरच्या 'सा'च्या अगदी उंबऱ्याशी येऊन त्या थांबल्या, हात किंचित मागे, तंबोऱ्याकडे केला आणि ओठ मिटून घेतले.

आणि 'सा' लागला! सरळ, भरदार, कुठे कापरा नाही. पडद्यावर बाईंचे मिटलेले ओठ, आणि स्पीकरमधून हा आवाज. बाबा पुढे वाकले.

"अवं, बाई तं तोंड मिटून बसली हाय! मंग गाऊन कोन राहिलं?"

मी रडत होते की हसत होते, देव जाणे. नवरा म्हणाला, "ओळखा ना, बाबा." बाबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. सूर अजून तिथेच होता. मग तो हळूहळू वळणं घेत खाली आला आणि बाईंनी मान डोलावून पुढे गाणं घेतलं. कॅमेरा धावतपळत मागे पोचला तेव्हा लेक तंबोऱ्यावर झुकलेली होती, नुसता भांग दिसला.

कार्यक्रम संपल्यावर काही वेळातच तिचा फोन आला. मागे माणसांचा गलबला. "आई, मी दिसली का?"

काय सांगावं याचा मी विचार करते आहे, तोवर बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"नाही दिसली," ते म्हणाले. "एक बोट दिसलं."

बाबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पन तो सूर तुहाच होता, हे मी लगेच ओळखलं." बाबा खाकरले. "जेवली का वं तू?"

बाबा फोन कानाशी घट्ट धरून थांबले. मी मागितला, तरी त्यांनी तो मला दिला नाही.