तीन नंबरचा खिळा

गौरीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "आत्या, आई गेली," एवढंच ती म्हणाली. अशा वेळी माणसाने रडावं, मटकन खाली बसावं... मी विचारलं, "दार कोणी उघडलं?" स्वभावच मेला तसा. आयुष्य ऑडिटमध्ये गेलं, समोरच्याने नमस्कार केला तरी याला माझ्याकडून काय हवंय हेच आधी मनात येतं. गौरी म्हणाली, "दार उघडंच होतं गं. नेहमीसारखं." दुपारी कधीतरी खुर्चीत बसल्या बसल्या वहिनीचं हृदय थांबलं होतं. डॉक्टर तसं म्हणाले, आणि मी त्यांनाही दोनदा खोदून विचारलं.

नलूवहिनी माझ्या दादाची बायको. माझ्या अगदी उलट. बाजारात पर्स उघडी टाकून भाजी निवडणार, दारावर आलेल्या सेल्समनला आधी पाणी देणार, आणि मी ओरडले की म्हणणार, "वन्सं, माणसं काही इतकी वाईट नसतात हो!" "कशावरून?" हा माझा ठरलेला प्रश्न. त्यावर ती नुसती हसायची. नव्वदच्या आसपास दादाने आणि मी वसईला एकाच बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतले, तो दुसऱ्या मजल्यावर, मी चौथ्या. सगळी नोकरदार माणसं. कोणी गिरगाव सोडून आलेलं, कोणी लालबाग, कोणी थेट कोकणातून. सकाळी रिकामी झालेली बिल्डिंग दिवेलागणीनंतरच भरायची. वहिनीचं काम त्यातल्या त्यात जवळ, सातिवलीला, गोळ्या-औषधं पॅक करणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर. तरी घरी यायला संध्याकाळ व्हायचीच.

मग दुपारी शाळेतून येणाऱ्या मुलांचं काय? ती सोय अण्णांनी केली होती. अण्णा पहिल्या मजल्यावर एकटे राहायचे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या दाराच्या आत एक फळी होती आणि तिच्यावर सगळ्या घरांच्या किल्ल्या. मुलांनी यायचं, किल्ली घ्यायची, घर उघडायचं. सिलिंडर आला तर अण्णा उतरवून घेणार, टँकर आला तर अण्णा पंप लावणार. अख्खी बिल्डिंग त्यांच्या जिवावर बिनघोर कामाला जायची. माझा त्यांच्यावर संशय होता, नाही असं नाही. पण कसला, तर हा माणूस आपल्यामागे आपल्या घरात बसून टीव्ही बघतो! एकदा मी टीव्हीच्या बटणांवर टाल्कम पावडर भुरभुरून गेले होते. वहिनी हसून हसून बेजार झाली होती. आता ते हसणं आठवलं की अंगावर काटा येतो.

गौरी तेव्हा नऊ वर्षांची. अठ्ठ्याण्णवचा पावसाळा संपत आला होता. वहिनी कामावरून आली की पोरगी जिन्यात बसलेली असायची, दप्तर मांडीवर घेऊन. "अण्णा घरी नव्हते." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वहिनीने ते खरं मानलं, ती सगळंच खरं मानायची. मग एका संध्याकाळी अण्णांनीच तिला जिन्यात गाठलं आणि हसत म्हणाले, "तुमची गौरी हल्ली येतच नाही. रुसली की काय आमच्यावर?" वहिनी मला म्हणाली होती, "वन्सं, तो 'रुसली' शब्द मला कसासाच लागला हो." ती वर गेली आणि दार न उघडता पोरीशेजारी पायरीवर बसली. विचारलं, "तुला खाली किल्ली आणायला जायचं नाही का?" गौरीने मान हलवली... आणि मग सांगितलं. काय सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही, ते गौरीचं आहे. सगळं ऐकून झाल्यावर वहिनीने विचारलं, "जेवलीस का गं?" पोर सकाळच्या डब्यावर होती.

दादा वाईट माणूस नव्हता, घाबरट होता. म्हणाला, "कशावरून? लहान आहे, काहीतरी गैरसमज झाला असेल." मी तिथेच बसले होते. माझ्या तोंडचा शब्द मला दुसऱ्याच्या तोंडून इतका घाण कधी वाटला नव्हता. वहिनी म्हणाली, "कशावरून म्हणजे? तिने सांगितलं त्यावरून." पोलिसांचं नाव निघताच दादाचा चेहरा उतरला. पोरीला काय काय विचारतील, चार लोकांत नाव होईल, पुढे लग्न व्हायचंय... "आपण आपली किल्ली काढून घेऊ ना. गुपचूप." वहिनी म्हणाली, "गुपचूप काढली तर बाकीच्यांच्या किल्ल्या तिथेच राहतील."

पोलिसांत शेवटी कोणी गेलं नाही. ती सल वहिनीला शेवटपर्यंत होती, मलाही आहे. पण गौरीला विचारून रविवारी सकाळी, सगळे घरी असताना, ती खाली उतरली. मी मागोमाग. अण्णांच्या दारात उभी राहून तिने किल्ली मागून घेतली आणि जिन्यात वरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "या माणसाने माझ्या लेकराच्या अंगाला हात लावलाय. आपापल्या किल्ल्या घेऊन जा आणि आपापल्या पोरांना विचारा." आयुष्यात जिने दूधवाल्यावर कधी आवाज चढवला नाही, ती बाई! समोरच्या तीन नंबरचं दार उघडलं. स्वातीची आई. "एवढा देवमाणूस, आणि कशावरून म्हणता तुम्ही?" वहिनी म्हणाली, "मला नका विचारू. स्वातीला विचारा." स्वाती आईच्या मागेच उभी होती, तेरा-चौदा वर्षांची, नजर जमिनीला लावून. आईने तिला आत ओढलं आणि दार लावलं. वहिनी त्या बंद दाराकडे बघत राहिली.

पुढचे काही महिने काय सांगू! हळदीकुंकवाचं बोलावणं बंद. सिलिंडरवाला आला की घरात कोणी नाही म्हणून परत जायचा. नळाला पाणी कमी आलं तरी मला वाटायचं, मुद्दाम केलंय. तोंडावर कोणी काही बोलत नव्हतं, पण आम्ही जिन्यात आलो की गप्पा थांबायच्या. वहिनीने नोकरी सोडली, दुपारी घरी राहू लागली. एक दिवस म्हणाली, "वन्सं, संशय कसा घ्यायचा ते मला शिकवा." मी म्हटलं, सोपं आहे, कुणावर विश्वास ठेवायचा नाही. बिचारीने करून पाहिलं. इस्त्रीवाल्याकडे डोळे वटारून बघायची आणि पाठोपाठ त्याला चहा द्यायची. शेवटी वैतागून म्हणाली, "नाही बाई जमत. आणि तुमचा संशय नुसता आत बसून असतो, वन्सं. त्याने पोरांना काय फायदा? विचारायला नको का?" मला राग आला होता. पण खोटं काय होतं त्यात?

कोंडी फुटली ती पाचूबंदरच्या मार्थाबायमुळे. ती मासे घेऊन यायची आणि खाली पार्किंगमध्ये बसायची. एक दिवस टोपली घेऊन थेट दुसऱ्या मजल्यावर आली. "बाय, जरा पानी दे," म्हणाली आणि वहिनीच्या उंबऱ्यापाशीच टोपली मांडली. "मी ऐकलंय सगला. आता हितंच बसनार." मासे हवेत तर वहिनीच्या दारात येणं आलं! बायका आल्या. आधी नुसता भाव केला, मग थांबू लागल्या. वहिनी प्रत्येकीला एकच सांगायची, "पोरांना विचारा. ओरडू नका, नुसतं विचारा." एक दिवस चार नंबरवालीने मासे घेतले आणि काही न बोलता आपली किल्ली वहिनीच्या हातात ठेवली. डोळे लाल झालेले होते. वहिनीनेही काही विचारलं नाही. त्या संध्याकाळी तिने जेवायला बसायच्या एका जुन्या पाटाला खिळे ठोकले, गौरीने नेलपॉलिशने नंबर घातले आणि तो पाट दाराशी टांगला. हळूहळू सगळ्या किल्ल्या आल्या. तीन नंबरचा खिळा तेवढा रिकामा राहिला. "काढून टाक तो," मी म्हणायचे. "असू दे हो, कधी लागेल," ती म्हणायची.

तिचं दार दुपारभर सताड उघडं असायचं. किल्ली न्यायला आलेल्या प्रत्येक पोराला आधी "जेवलास का?" आणि मग "काही सांगायचंय का?" पोरं वैतागून "नाही ओ काकू" म्हणायची आणि पळायची. काही पळायची नाहीत, त्यांच्यासाठी ती दुसरी खुर्ची ओढायची. तीन वर्षांनी अण्णा विरारला मुलाकडे राहायला गेले, तर ही तिथे जाऊन त्या सोसायटीच्या सेक्रेटरीला सगळं सांगून आली. दादा चिडला. "किती दिवस उकरणार आहेस?" "तो जिथे जिथे किल्ल्या ठेवील तिथवर," ती म्हणाली. दादा गेला तेव्हाही हा विषय दोघांत अर्धाच राहिला होता.

तेराव्यानंतर सोसायटीने खाली शोकसभा ठेवली. मी एकेकाचे चेहरे न्याहाळत बसले होते. ज्यांनी हळदीकुंकू तोडलं त्यांच्या हातात आज मोगऱ्याचे हार! नव्या सेक्रेटरीने भाषण केलं, "अण्णा वयोमानाने मुलाकडे गेले, तेव्हा नलिनीताईंनी किल्ल्यांची जबाबदारी आनंदाने घेतली..." झालं! अकरा वर्षांचं सगळं एका वाक्यात धुऊन टाकलं. माझं डोकं फिरलं, मी उठणार तोच गौरीने माझा हात दाबला आणि ती स्वतः उभी राहिली. वीस वर्षांची पोर. "अण्णा गेले म्हणून नाही. किल्ल्या आईकडे आल्या त्या माझ्यामुळे. त्या माणसाने मला त्रास दिला. मी आईला सांगितलं, आणि आईने मला एकदाही 'खरं का' असं विचारलं नाही." मग पाचवीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "त्या दिवशी काकू झोपल्यात असं वाटलं. म्हणून आम्ही आवाज न करता किल्ल्या घेतल्या." तेव्हा मात्र मला रडू आवरेना.

माणसं पांगल्यावर आम्ही दोघी वर आलो. मागून कोणीतरी जिना चढत होतं. स्वाती. लग्न होऊन नालासोपाऱ्याला असते, सभेसाठी म्हणून आली होती. ही कशाला आली, कोणी पाठवली, हेच माझ्या मनात आधी. ती आत आली नाही. दाराशी पाटासमोर उभी राहिली आणि रिकाम्या खिळ्यावर तिने बोट ठेवलं. "आमची किल्ली..." म्हणाली, "आमची किल्ली शेवटपर्यंत खाली त्या फळीवरच होती, आत्या."

माझ्या तोंडाशी जन्माची सवय आलीच होती. मी ती गिळली, वहिनीची खुर्ची ओढून त्या पाटाखाली ठेवली आणि स्वातीला धरून बसवलं.

"जेवलीस का गं?" मी विचारलं.